इंदूर पाहावे बसने, सायकलने आणि पायी

पुण्या-मुंबईचे पाहुणे घरी आले की आपला फेरा ठरलेला असतो. सकाळी पोहे-जिलबी, मग राजवाडा, काचमंदिर, लालबाग, संध्याकाळी छप्पन दुकान आणि रात्री सराफा. दोन दिवसांत इंदूर पाहून होते आणि पाहुणे खूश होऊन परत जातात. ज्या वस्त्यांतून लाखो माणसे राहतात, त्या मात्र या फेऱ्यात कुठेच येत नाहीत. पाहुण्यांचे सोडा, आपल्या घरातल्या मुलांनाही त्या ठाऊक नसतात. विजयनगर आणि भंवरकुआँ यांच्या पलीकडे जे काही आहे ते 'जुना भाग, तिकडे ट्रॅफिक फार' एवढ्यावर आटोपते. त्याच जुन्या भागात आपल्यापैकी बहुतेकांचे आजोबा-पणजोबा राहत होते, आणि तो भाग वर्षागणिक बदलतो आहे. तो पाहायचा कसा, याविषयी थोडे लिहितो.

माझा अनुभव असा की मोटारीतून वस्ती दिसत नाही. मोटारीतून दिसतो तो पुढच्या गाडीचा मागचा दिवा आणि पार्किंगची जागा. वस्ती पाहायला तीन साधने पुरतात: सिटी बस, सायकल आणि आपले पाय. क्रमही हाच ठेवावा. आधी बसने शहराचा आवाका कळतो, सायकलने त्याचे चढउतार आणि सांधे कळतात, आणि घरे कळतात ती पायी गेल्यावरच. उलट क्रमाने गेलात तर एका गल्लीत रमाल, पण ती गल्ली शहरात कुठे बसते हे समजायचे नाही.

बससाठी आग्रा-मुंबई रस्ता, म्हणजे आपला ए.बी. रोड, सगळ्यात सोयीचा. राजीव गांधी चौकाकडून निघून भंवरकुआँ, नवलखा, गीताभवन, पलासिया, एलआयजी, विजयनगर करत निरंजनपूरपर्यंत. याच रस्त्यावर २०१३ साली आय-बसची बंदिस्त मार्गिका सुरू झाली आणि २०२५ मध्ये ती काढायला घेतली. तो वाद इथे नको. आपल्याला खिडकीजवळची जागा हवी आणि थांब्यांची नावे वाचायची आहेत, कारण इंदुरात वस्तीच्या नावातच तिचे वय लिहिलेले असते.

ते वाचण्याची ढोबळ रीत अशी. नावाच्या शेवटी 'पुरा', 'बाजार' किंवा 'बाखळ' असेल (सिलावटपुरा, आडा बाजार, बोहरा बाखळ), तर बहुधा ती जुनी वस्ती, एका व्यवसायाची किंवा एका समाजाची. 'गंज' आले की राजांनी आखून वसवलेली पेठ समजावी. मल्हारगंज, तुकोगंज, यशवंतगंज ही नावे होळकर राजांची, स्नेहलतागंज आणि मनोरमागंज राजकन्यांची, संयोगितागंज महाराणींचे. 'नगर' आणि 'कॉलनी' हे स्वातंत्र्यानंतरचे, गृहनिर्माण संस्थांच्या आणि नोकरदारांच्या काळातले. त्यानंतर विकास प्राधिकरण आले आणि नावे ठेवण्याचा कंटाळा आल्यासारखे नुसते आकडे उरले: स्कीम ५४, स्कीम ७४, स्कीम ७८, स्कीम १४०. याला अपवाद पुष्कळ सापडतील, पण बसच्या खिडकीतून तासाभरात एवढा हिशेब मनाशी जमतो.

एलआयजीचा थांबा आला की मला नेहमी हसू येते. 'अल्प उत्पन्न गट' हे नाव सरकारी गृहनिर्माणाच्या कागदातून थेट चौकाच्या पाटीवर आले आणि कायमचे चिकटले. आज त्या चौकातल्या जागेचा भाव विचारलात, तर अल्प उत्पन्न कोणाला म्हणायचे असा प्रश्न पडेल. गृहकर्जाच्या अर्जावर 'एलआयजी कॉलनी' असा पत्ता आणि शेजारच्या रकान्यात घराची किंमत, हे मी नोकरीत अनेकदा शेजारी शेजारी वाचले आहे.

बसने आणखी एक गोष्ट लक्षात येते. शहर दोन आहेत. जानेवारी १८१८ मध्ये मंदसौरचा तह झाला आणि होळकरांची राजधानी इंदुरात आली. त्याच तहाने इंग्रजांचा रेसिडेंट इथे येऊन बसला. त्याने नदीच्या पूर्वेला, गावापासून अंतर राखून, मोकळ्या रानात कोठी बांधली. तिच्या आसऱ्याने छावणी वसली. पुढे मधून रेल्वे गेली. आजही रेल्वेमार्गाच्या पश्चिमेला गल्ल्या वाकड्या, घराला घर लागलेले आणि दुकानावर बिऱ्हाड. पूर्वेला रस्ते रुंद, झाडे जुनी, बंगल्यांना कुंपणे. सियागंजातून निघून रेल्वे ओलांडून तुकोगंजात शिरा, दहा मिनिटांत गाव बदलल्यासारखे वाटते.

आता सायकल. रविवारी सकाळी सहा ते आठ हीच वेळ. नंतर आपल्या वयाच्या माणसाने जुन्या इंदुरात सायकल काढू नये, हे माझे स्पष्ट मत आहे. सायकलवर पहिल्यांदा कळते की इंदूर सपाट नाही. राजवाड्यापासून कृष्णपुऱ्याकडे किंवा हरसिद्धीकडे निघालात की पायडल न मारता सायकल उतरते, पूल येतो आणि मग समोरचा चढ मांड्यांना जाणवतो. त्या उतारांच्या तळाशी कान्ह आणि सरस्वती या नद्या आहेत. पिढ्यान्पिढ्या आपण त्यांना नाला म्हणत आलो, पण जुन्या शहराचा नकाशा त्यांनीच आखलेला आहे. नदीच्या एका काठाला जमीनदारांचे जुनी इंदूर, दुसऱ्या काठाला होळकरांचा राजवाडा आणि बाजार, आणि या दोन्हींना जोडणारे पूल. छत्र्या, घाट, मंदिरे सगळी काठाशी आहेत. बसमधून पूल कधी आला आणि कधी गेला तेही कळत नाही.

सायकलचा दुसरा फेरा गिरण्यांच्या बाजूला करावा: मालवा मिल, परदेशीपुरा, नंदानगर. हा भाग आपल्या मंडळींच्या पाहण्यात कमी. मालवा मिल, हुकुमचंद, स्वदेशी, राजकुमार, कल्याण, भंडारी या गिरण्यांनी विसाव्या शतकात हजारो माणसे इंदुरात आणली. परदेशीपुरा हे नावच काय ते सांगते. उत्तरेकडून आलेल्यांना 'परदेशी' म्हणण्याची सवय आपल्या मराठीचीच. नंदानगर ही कामगारांची वसाहत, गुलझारीलाल नंदांच्या नावाची. तिथे सायकलवरून हळू जाताना सारख्या मापाची घरे, सारख्या रुंदीच्या गल्ल्या आणि गल्लीचे आकडे दिसतात. बहुतेक घरांवर आता दोन-तीन मजले चढले आहेत, पण खालचे माप तेच. हुकुमचंद मिल डिसेंबर १९९१ मध्ये बंद पडली आणि तिच्या कामगारांना हक्काचे पैसे मिळायला २०२३ चा डिसेंबर उजाडला. बत्तीस वर्षे. तोवर अनेक घरांत पैसे घ्यायला विधवा किंवा मुलेच उरली होती. त्या गल्ल्यांतली घरे कोणी कशी वाढवली, कोणी का विकली, याचे उत्तर या बत्तीस वर्षांत आहे. अनंत चतुर्दशीच्या रात्री गिरण्यांच्या झांक्या अजून निघतात, गिरण्या बंद असूनही. ज्यांनी त्या लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून पाहिल्या, त्यांना हे सांगायला नको.

पायी फिरण्याचा भाग मात्र निवांत करावा. एका सकाळी एकच तुकडा. मी सुचवेन तो असा: कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपासून सुरुवात, राजवाडा, त्यामागचा आडा बाजार, पंढरीनाथ, हरसिद्धी आणि पूल ओलांडून जुनी इंदूर. न थांबता गेलात तर पाऊण तासाचीही वाट नाही, पण तीन तास सहज लागतात.

राजवाडा सात मजली आहे. खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी. लाकडाने त्याला तीनदा दगा दिला: १८०१ साली सर्जेराव घाटग्याने शहर लुटले तेव्हा, मग १९०८ साली, आणि १९८४ च्या दंगलीत. पण आपण राजवाडा पाहायला निघालेलो नाही. त्याच्याकडे पाठ करून उभे राहा आणि आजूबाजूच्या घरांचे वरचे मजले बघा. खाली शटर, फ्लेक्स, मोबाइलची दुकाने. मान वर केली की लाकडी सज्जे, नक्षीचे कठडे, तुळयांची बाहेर आलेली टोके. गल्लीत शिरल्यावर एखादा दिंडी दरवाजा उघडा असतो. आत डोकावले तर चौक, दगडी तळखड्यावर उभे लाकडी खांब, वर कडीपाट, भिंतीत दिव्याची देवळी, कोपऱ्यात तुळशीवृंदावन, आणि त्या सगळ्यावर पाण्याच्या काळ्या टाक्या, विजेची मीटरे आणि चार बिऱ्हाडांची वाळत घातलेली धुणी. वाडा असाच राहता राहता टिकतो.

जुन्या बचत खात्यांच्या लेजरमध्ये अशा घरांचे पत्ते कसे लिहिलेले असत ते मला आठवते: अमक्या सरदारांचा वाडा, मागची बाजू, वरचा मजला, दत्तमंदिरासमोर. पिनकोड नाही, प्लॉट क्रमांक नाही, तरी पोस्टमन बिनचूक पोचायचा. कारण पत्ता घराचा नसे, शेजाराचा असे.

मोहल्ल्यांच्या नावांतले मराठी पायी फिरतानाच कानावर पडते. रिक्षावाला 'पागनीसपागा' म्हणतो तेव्हा त्यात घोड्यांची पागा आहे हे त्याला माहीत नसते, आणि आपल्यालाही थांबून विचार करावा लागतो. तोपखाना, बक्षीबाग ही नावे लष्करी कारभारातली. कडाबीन हा शब्द तर बखरींत भेटणारा. आखूड बंदुकीला आपल्याकडे कडाबीन म्हणत. बियाबानी म्हणजे ओसाड रान. आज तिथे पाय ठेवायला जागा नाही. शीख मोहल्ल्यातल्या एका घरात २८ सप्टेंबर १९२९ रोजी लता मंगेशकरांचा जन्म झाला, आणि आता त्या जागी कापडाचे दुकान आहे.

पायी फिरून शहर समजून घेण्याची ही रीत इंदुरात एका मोठ्या माणसाने वापरली आहे. पॅट्रिक गेडिस हे स्कॉटिश नगररचनाकार. तिसऱ्या तुकोजीरावांच्या काळात ते इंदूरसाठी आराखडा करायला आले आणि १९१८ साली त्यांचा दोन खंडांचा अहवाल दरबाराकडे गेला. पुढे १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग त्यांच्याच हाताखाली सुरू झाला. त्या काळचे इंजिनिअर कचेरीत नकाशा पसरून पट्टीने सरळ रेघ ओढत आणि रेघेत येणारी घरे पाडत. गेडिस आधी गल्लीबोळांतून चालत, घर न् घर बघत, आणि मग ठरवत की कुठले पडके घर काढले तर हवा येईल, कुठला बोळ थोडा रुंद केला तर गाडी जाईल, कुठले झाड आणि कुठली विहीर ठेवायची. वैद्य रोग्याची नाडी पाहिल्याशिवाय औषध देत नाही, तसे. त्यांचा हिशेबही रोकडा होता: सरसकट पाडापाडीला पैसा जास्त लागतो, आणि बेघर झालेली माणसे शेजारच्या वस्तीत कोंबली जाऊन तिथली गर्दी वाढते. घरापुढच्या तुळशीचे त्यांना मोठे कौतुक. ज्या घरची तुळस राखलेली ते घर राखलेले, ही खूण त्यांनी ओळखली होती.

लोकांना आधी त्यांची भीतीच वाटे. पाहणीला साहेब आला की घर पाडणार, आणि वर हाच साहेब प्लेग आणतो अशी कुजबुज. मग त्यांनी महाराजांकडून एका दिवसापुरता अधिकार मागून घेतला आणि १९१७ च्या दिवाळीत मिरवणूक काढली. मिरवणुकीचा मार्ग नेहमीचा राहणार नाही, ज्या गल्ल्या सर्वांत स्वच्छ आणि डागडुजी केलेल्या असतील त्यांतून ती जाईल, असे आधीच जाहीर केले. साऱ्या शहरात झाडलोटीची चढाओढ लागली. मिरवणुकीत घाणीचा राक्षस आणि प्लेगचा उंदीर होता, आणि सफाई कामगार पांढऱ्या स्वच्छ कपड्यांत, गळ्यात हार घालून मानाने चालत होते. शेवटी राक्षसाचे दहन. २०१७ पासून स्वच्छतेत पहिला नंबर मिळवणाऱ्या या शहरात ही गोष्ट शाळेत शिकवायला हवी होती.

गेडिस यांचे नाव इथे उगाच काढलेले नाही. गेल्या काही वर्षांत जुन्या भागातले रस्ते रुंद झाले. बडा गणपती ते कृष्णपुरा हा त्यातलाच. वाहतूक खोळंबते हे खरे आहे, रुग्णवाहिका अडकते हेही खरे आहे, आणि रस्ता रुंद करूच नका असे म्हणणारा मी नाही. पण रुंदीकरणात काय गेले ते चालतच बघावे लागते. घराचा पुढचा पाच-सात फुटांचा भाग कापला जातो तेव्हा पहिला जातो तो ओटा, त्याच्यावरचा सज्जा, आणि मग दर्शनी खोली. उरलेले घर काही महिने उघड्या कपाटासारखे दिसते: वरच्या भिंतीला निळा रंग, कॅलेंडरचा खिळा, अधांतरी राहिलेला जिना. नंतर काच आणि ॲल्युमिनियम लागते. ओटा गेला की संध्याकाळी तिथे बसणाऱ्या बायका आत जातात, म्हातारे गॅलरीत जातात, आणि रस्त्यावर ओळखीचे कोणी उरत नाही. नकाशावर ओटा म्हणजे फक्त अतिक्रमण. तो काय काम करतो हे पायी फिरणाऱ्यालाच दिसते.

म्हणून माझी सभासदांना एक सूचना आहे, आणि ती करायला वही-पेन्सिल पुरते. प्रत्येक कुटुंबाने आपल्या पत्त्यांची साखळी लिहून काढावी. पणजोबा कुठे राहत होते, आजोबा कुठे गेले, आपण कुठे आहोत. अनेक घरांची साखळी थोड्याफार फरकाने अशीच निघेल: राजवाड्याजवळचा भाड्याचा वाडा, मग रामबाग किंवा नारायणबाग, मग निवृत्तीच्या पैशांतून लोकमान्यनगर, राजेंद्रनगर, टिळकनगर किंवा सुदामानगरातले स्वतःचे घर, मुलाचा स्कीम ७८ मधला फ्लॅट आणि नातवाचे पुणे किंवा त्याही पलीकडचे गाव. म्हणजे बसमधून वाचलेली नावे, बाखळ, गंज, नगर, स्कीम, ही आपल्याच घराची वंशावळ निघते. साखळी हातात आली की मुलांना घेऊन त्या पत्त्यांवर जावे, जितके उभे असतील तितक्यांवर. लोकमान्यनगर आणि राजेंद्रनगरला तर रेल्वेची छोटी स्थानकेही आहेत.

जाताना काही पथ्ये. लोकांच्या दारात आपण पाहुणे आहोत, हे विसरू नये. न विचारता फोटो काढू नयेत, विशेषतः आतल्या चौकाचे. जुन्या घरांत मालक-भाडेकरूंचे खटले चालू असतात. कागद हातात घेऊन मापे घेणारा माणूस दिसला की दोन्ही पक्षांना धास्ती पडते. कागद खिशात ठेवावा आणि हिंदीत सुरुवात करावी: 'काकीजी, हमारे दादाजी यहीं रहते थे.' दोन वाक्यांत समोरून 'कोणाचे हो तुम्ही?' असे मराठी आले, तर चहा ठरलेलाच. 'बसा नं, मी चहा टाकून राहिली आहे' हे इंदुरी मराठी ऐकायला मिळेल ते वेगळेच. पुण्याचे पाहुणे त्याला हसतात. हसू द्यावे.

मार्चनंतर उन्हात पायी जाऊ नये आणि पावसाळ्यात जुन्या भिंतींच्या अगदी कडेने चालू नये. दिवाळीनंतर होळीपर्यंतचे दिवस उत्तम. सकाळी साडेसहाला कृष्णपुऱ्यावर पोचलात तर साडेनऊपर्यंत जुनी इंदूर गाठून होते. तोवर दुकाने उघडलेली नसतात, त्यामुळे शटरांपुढे गाड्या नसतात आणि घरे पायापासून कळसापर्यंत दिसतात. गुडघे दुखत असतील तर परत येताना पुलावरून ई-रिक्षा मिळते. थंडी असेल तर गराडूवाला शोधावा, पण तो सकाळी नसतो. त्यासाठी संध्याकाळी वेगळी फेरी करावी लागेल.